खेळीमेळीच्या वातावरणात

"बाई, अक्षर तेवढं मोठं काढा," काका रेडीज म्हणाले, "आणि घाई करू नका. मी सावकाश बोलतो."

सावकाश बोलणं काकांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं, पण मी मान हलवली. माझ्यासमोर ओव्हरहेड प्रोजेक्टर होता, ज्युनियर कॉलेजातून दोन दिवसांच्या बोलीवर आणलेला. त्याच्या काचेवर पारदर्शक प्लॅस्टिकचा गुंडाळा ताणून बसवलेला आणि बाजूला एक दांडी. लिहायचं, दांडी फिरवायची, की लिहिलेलं पुढे सरकून कोरी जागा येते. मागच्या भिंतीवर माझ्याच घरची डबलबेडची पांढरी चादर खिळे मारून लावली होती. ती मी सकाळी इस्त्री करून आणली होती, कारण पडद्यावर चुण्या दिसल्या असत्या तर गावभर नाव माझंच झालं असतं.

ही शहाण्णव सालची गोष्ट. सावरखाडी सार्वजनिक वाचनालयाची वार्षिक सर्वसाधारण सभा, रविवार, दुपारी चार वाजता. मी तिथे चौदा वर्षं लेखनिक होते. पुस्तकं देणंघेणं, रजिस्टरं, पत्रव्यवहार आणि सभांची इतिवृत्तं असं सगळं माझ्याकडे. काका म्हणजे आमचे कार्यवाह. वकिलाकडे कारकुनी करून निवृत्त झालेले, पायजम्यावर कोट घालणारे, वाचनालयाच्या छपराचं एक कौल हललं तरी रात्रभर न झोपणारे. मला नोकरीवर त्यांनीच घेतलं आणि इतिवृत्त कसं लिहायचं तेही त्यांनीच शिकवलं. पहिल्याच सभेनंतर माझा पाच पानी मजकूर बाजूला ठेवून म्हणाले होते, "शिरधनकर बाई, माणसं बोलतात ते लिहायचं नसतं. ठरतं ते लिहायचं." मी ते मनावर घेतलं. पुढे सभेत कुणी कुणाची अक्कल काढो, टेबलावर मुठी आपटो, माझ्या इतिवृत्तात फक्त 'सविस्तर चर्चा' व्हायची आणि ठराव 'सर्वानुमते मंजूर' व्हायचा. शेवटची ओळ ठरलेली: सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.

आता एक गुपित सांगते, हसू नका. ही इतिवृत्तं आम्ही सभेच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवायचो. शनिवारी संध्याकाळी काका आणि मी बसायचो, विषय एकेक घ्यायचो, सूचक कोण, अनुमोदक कोण हे ठरवून टाकायचो. सभेला कधी पुरेशी माणसं यायची नाहीत, म्हणून 'गणसंख्येअभावी सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात आली' हेसुद्धा आधीच लिहिलेलं. रविवारी मी फक्त रजिस्टर मांडीवर घेऊन बसायची. माझ्या रजिस्टरात चौदा वर्षांत एक खाडाखोड नव्हती, आणि याचा मला कोण अभिमान. सगळ्या संस्था असंच करतात, काका म्हणायचे, आणि खोटं नव्हतं ते.

त्या वर्षी हा प्रोजेक्टर आला तो अनंत बेंडखळ्यांच्या पत्रामुळे.

बेंडखळे गावातल्या एकुलत्या एक छापखान्यात जुळारी होते. शिशाचे अक्षरांचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायचे. सातव्या वर्षी मेंदूज्वर झाला आणि तेव्हापासून त्यांना अजिबात ऐकू येत नव्हतं. बोलायचेही नाहीत. पण वाचन असं, की वाचनालयातलं अर्धं कपाट त्यांनी संपवलं होतं. संध्याकाळी साडेसहाला छापखाना सुटला की ते आमच्या वाचनकक्षात यायचे. खिडकीजवळचं लांब टेबल त्यांचं आणि त्यांच्यासारख्याच आणखी दहाजणांचं. कुणी शिंपी, कुणी गॅरेजातला, दोघी बहिणी लोणच्याच्या कारखान्यातल्या. वर भिंतीवर पाटी होती, 'शांतता राखा'. तिच्या बरोबर खाली बसून ही मंडळी दोन दोन तास हातांनी गप्पा हाणायची आणि पाटीचा नियम तसूभर मोडायची नाहीत. कधी कधी त्यांचं चांगलं जुंपायचं. हात भराभर चालायचे, कुणीतरी टेबलावर थाप मारायचं, बाकीचे वाचक दचकून वर बघायचे, आणि मग बेंडखळे छातीला हात लावून सगळ्यांची माफी मागायचे. मी काउंटरमागून बघायची आणि मनात म्हणायची, काय ही भांडकुदळ माणसं.

तर सभेची विषयपत्रिका छापायला गेली ती अर्थातच बेंडखळ्यांच्या हाती. गावात कुणाला कळायच्या आधी विषय क्रमांक चार त्यांनी वाचला. एका मुंबईकर सभासदाने सहा संगणक देऊ केले होते. संगणक वर्ग सुरू करायचे, संध्याकाळी पाच ते साडेआठ, वाचनकक्षात. म्हणजे संध्याकाळचा वाचनकक्ष बंद. दिवसभर राबणाऱ्या त्या अकराजणांना गावात एकमेकांना भेटायला दुसरी जागा नव्हती. हॉटेलात बसलं तर लोक माना वळवून बघत, देवळात बसलं तर मुलं नकला करत.

विषयपत्रिकेच्या गठ्ठ्यावर बेंडखळ्यांनी पत्र ठेवून पाठवलं. ते माझ्याजवळ अजून आहे. 'आम्ही अकरा सभासद आजवर सभेला आलो नाही, कारण येऊन उपयोग नसतो. कुठेही गेलो तरी लोक हसले की आम्ही शेजाऱ्याला विचारतो, काय झाले. तो सांगतो, काही नाही, असंच. या वर्षी चौथा विषय आमचा आहे. सभेत बोललेले आम्हांला त्याच वेळी वाचायला मिळावे. मतदान आम्ही करू.'

काकांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, मागणी रास्त आहे. दुसऱ्या दिवशी स्वतः कॉलेजात जाऊन प्रोजेक्टरचं नक्की करून आले. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यावरून काका कसे होते याचा कुणी भलता अंदाज बांधू नये.

सभेला त्रेसष्ट माणसं आली. एवढी माणसं चौदा वर्षांत आली नव्हती. संगणकाची हौस, दुसरं काय. अकराजण पुढच्या दोन रांगांत बसले होते, ठेवणीतले कपडे घालून. बेंडखळे पहिल्या रांगेत, कडेला. गणसंख्या पहिल्याच झटक्यात भरली, त्यामुळे माझ्या रजिस्टरातलं तहकुबीचं वाक्य मला खोडावं लागलं. चौदा वर्षांतली पहिली खाडाखोड. जिवाला लागलं माझ्या. शकुन कळायला हवा होता, पण नाही कळला.

अध्यक्ष डॉक्टर होते. त्यांनी स्वागत केलं, खाली बसले आणि दरवर्षीसारखे डोळे मिटले. काका उठले. मी पेन घेतलं, रजिस्टर काचेशेजारी उघडून ठेवलं आणि कामाला लागले. म्हणजे काय केलं, तर रजिस्टरातलं तयार इतिवृत्त काचेवर उतरवायला सुरुवात केली. मला त्यात गैर वाटलंच नाही. काका जे बोलणार ते आम्ही दोघांनी मिळून तर लिहिलं होतं. शिवाय ऐकून लिहायचं म्हटलं की अक्षर बिघडतं. बघून लिहिलं की कसं मोत्यासारखं येतं.

पहिला विषय, मागील इतिवृत्त कायम करणे. दुसरा, अहवाल. तिसरा, जीर्ण पुस्तकं बाद करणे. चादरीवर माझं अक्षर हातभर मोठं दिसत होतं. मागून कुणीतरी वा म्हणालं. पुढच्या रांगांतले अकराजण वाचत होते, आपसांत हात हलवत होते, ज्यांना वाचायला वेळ लागे त्यांना बाकीचे समजावत होते. लोणच्याच्या कारखान्यातल्या धाकट्या बहिणीने माझ्याकडे बघून हात जोडले. मी फुशारले. काकांनी मध्ये अहवालातला एक किस्सा सांगितला, लोक हसले, ते काही मी लिहिलं नाही. इतिवृत्तात किस्से कुठे असतात. बेंडखळ्यांनी तेव्हा मागे वळून हसणाऱ्यांकडे पाहिलं आणि परत चादरीकडे पाहिलं. मला वाटलं, अक्षर बघतायत.

मग चौथा विषय आला. काकांनी पाण्याचा घोट घेतला आणि संगणक या विषयाची थोरवी सांगायला लागले. ते लांबण लावणार हे मला माहीत होतं. माझा हात मात्र चालू लागलेला होता. मी रजिस्टरात बघून लिहीत गेले: विषय क्रमांक चार. वाचनकक्षात सायंकाळी संगणक वर्ग सुरू करणेबाबत सविस्तर चर्चा झाली. सायंकाळचा वाचनकक्ष बंद करण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर. खाली सूचक, अनुमोदक. पूर्णविराम दिला आणि हात चोळत वर बघितलं.

काका अजून एकविसाव्या शतकाविषयी बोलत होते.

समोर अकरा चेहरे चादरीकडे लागले होते. मग बेंडखळे मागे वळले. सगळ्या सभागृहावरून त्यांनी नजर फिरवली, कुणाचा हात वर आहे का ते पाहत. कुणाचाच नव्हता. लोक वारा घालत काकांचं ऐकत बसले होते. बेंडखळे उठले, माझ्यापाशी आले, मी ठेवलेलं पेन त्यांनी उचललं आणि माझ्या सुबक ओळींखाली लिहिलं, 'चर्चा कधी झाली?'

चादरीवर ते केवढं तरी मोठं उमटलं. छापखान्यातल्या माणसाचं अक्षर, एकेक वेगळं उभं राहिलेलं. सभागृहात खसखस पिकली. काका बोलता बोलता थांबले, वळले आणि दोन्ही वाचलं, माझं आणि त्यांचं. माझे कान तापले. आमच्या शनिवारच्या गुपिताचं वस्त्रहरण भर सभेत झालं होतं, तेही माझ्याच चादरीवर.

काकांचा चेहरा लाल झाला. आपण पकडले गेलो की माणूस आधी चिडतो. ते माझ्याकडे झुकून हलक्या आवाजात बोलले, पण माइक हातातच होता.

"पुसा ते बाई. ह्यांना काय, कुठंही बसवलं तरी सारखंच, कुठं काही ऐकू येतंय. व्हरांड्यात टाकू टेबल, तिथं करतील हातवारे."

माइकने ते मागच्या भिंतीपर्यंत पोचवलं. काहीजण हसले. मोठ्यानं नव्हे, पण हसले. बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

बेंडखळे माझ्याशेजारीच उभे होते. त्यांनी हसणारी रांग पाहिली, काकांचं लाल तोंड पाहिलं आणि पेन माझ्यापुढे धरलं. ते थांबले होते. आतापर्यंत मी जे लिहिलं ते खोटं निघालं होतं आणि तरीही हा माणूस माझ्या हातात पेन देत होता, कारण त्या सभागृहात काय बोललं गेलं हे त्याला कळायचा दुसरा मार्गच नव्हता.

मी पेन घेतलं. आणि काय लिहावं मी? 'कार्यवाहांनी पर्यायी व्यवस्थेचे आश्वासन दिले.'

अगदी सहज आलं हातातून. चौदा वर्षांचं वळण होतं ते. काकांनी टेबल व्हरांड्यात टाकू म्हटलं होतं, म्हणजे पर्यायी व्यवस्थाच की. कायद्याने बोट ठेवायला जागा नाही.

बेंडखळ्यांनी वाचलं. मग त्यांनी बोटाने हसणारी रांग दाखवली, मग ते वाक्य दाखवलं आणि सावकाश नकारार्थी मान हलवली. पर्यायी व्यवस्थेच्या आश्वासनावर जगात कुणी हसत नाही, एवढं त्यांना कळत होतं. ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा फक्त ओळखीचा झाला, काउंटरवर एखादं पुस्तक मागावं आणि मी ते बाहेर गेलंय म्हणावं, तेव्हा व्हायचा तसा. ठीक आहे, काही नाही, असंच.

मला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की विचारू नका. काकांची नाही, माझी. काका एकदा बोलून गेले होते. मी चौदा वर्षं हेच करत होते.

मी ओलं फडकं घेतलं. रजिस्टर मिटलं आणि खुर्चीखाली ठेवलं. काच पुसली, सर्वानुमते मंजूरसकट सगळी. बेंडखळ्यांचा प्रश्न तेवढा राहू दिला. मग लिहिलं: कार्यवाह म्हणाले, पुसा ते बाई. ह्यांना काय, कुठंही बसवलं तरी सारखंच, कुठं काही ऐकू येतंय. व्हरांड्यात टाकू टेबल, तिथं करतील हातवारे. आणि पुढे कंसात, सभेत हशा.

या वेळी बघून लिहायला काही नव्हतं, कोंबडीच्या पायांसारखं अक्षर आलं. माझी नोकरी काकांच्या एका शब्दावर होती. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, यजमानांची गिरणी बंद पडलेली. हे सगळं लिहिताना डोळ्यांपुढे होतं, उगाच शूरपणाचा आव आणत नाही.

अकराजणांनी वाचलं. हातांची हालचाल थांबली. हसणाऱ्या रांगेतल्या लोकांनीही वाचलं आणि तेही थांबले. ऐकताना कसं, वाऱ्यावर गेलं म्हणायची सोय असते. चादरीवर ते जात नव्हतं. डॉक्टरांनी डोळे उघडले.

काका चादरीकडे बघत उभे होते. मग माइक टेबलावर ठेवून ते माझ्यापाशी आले. मी उठून उभी राहिले. मला वाटलं, आता रजिस्टर मागतील. त्यांनी कोटाच्या खिशातून आपलं शाईचं पेन काढलं, टोपण काढलं आणि काचेवर टेकवलं. शाई काही प्लॅस्टिकवर उमटेना. दोनदा प्रयत्न केला, मग माझ्यापुढे हात केला. मी माझं पेन दिलं. माझ्या वाकड्यातिकड्या ओळींखाली, उजव्या कोपऱ्यात, दर वर्षी इतिवृत्ताच्या प्रत्येक पानावर करायचे तशी त्यांनी सही केली. मा. गो. रेडीज, कार्यवाह. खाली तारीखही घातली.

मग माइक घेऊन म्हणाले, "हे मी बोललो. बाईंनी बरोबर लिहिलंय. चौथ्या विषयावर अजून चर्चा झालेली नाही, ती आता होईल." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "माणसं बोलतात ते लिहा."

पुढचा पाऊण तास मी जो लिहिला, तसा जन्मात कधी लिहिला नव्हता. हर्डीकर नावाचे कंत्राटदार उठून म्हणाले, गावातल्या मुलांनी संगणक शिकायला चिपळूणच्या एसट्या धरायच्या का, दोन तास बसून गप्पा मारणाऱ्यांसाठी गावाचं भविष्य अडवायचं का. लिहिलं. लीलाताई मुकादम, निवृत्त शिक्षिका, म्हणाल्या, वाचनालयात वाचणाऱ्यांनाच बाहेर काढायचं असेल तर दारावरची पाटी बदला. लिहिलं. हर्डीकर म्हणाले, लीलाताईंनी राजकारण करू नये. लीलाताई म्हणाल्या, तुम्ही मागच्या महिन्यात नेलेलं पुस्तक आधी परत करा. तेही लिहिलं, आणि सभेत हशा. या वेळी पुढच्या दोन रांगासुद्धा हसल्या, तीन सेकंद उशिरा. तो उशिराचा हशा ऐकून बाकीचे परत हसले. हात सुजला, चादरीवर वेलांट्या कुठल्या कुठे गेल्या, पण मी थांबले नाही.

बेंडखळ्यांनी पुढे येऊन काचेवर आपलं म्हणणं लिहिलं आणि काकांनी ते माइकवरून वाचून दाखवलं. 'संगणक हवेत. टेबलही हवे. सकाळी सात ते दहा वाचनकक्ष रिकामा असतो.' इतकं साधं होतं ते. हे शनिवारी मला किंवा काकांना सुचलं नव्हतं, कारण आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं.

मतदान झालं. संध्याकाळचा वाचनकक्ष बंद करण्याच्या बाजूने सत्तावीस, विरुद्ध चौतीस, डॉक्टर आणि काका तटस्थ. मी आकडे लिहिले. आणि तेव्हा पुढच्या रांगेत एकदम गडबड उडाली. ठरावाच्या बाजूने जे सत्तावीस हात वर झाले होते, त्यात दोन हात त्या अकराजणांतले होते. गॅरेजातला आणि तो शिंपी. दोघांनाही सकाळी काम असायचं, संध्याकाळीच संगणक शिकायला मिळाला असता. बेंडखळ्यांच्या ते आत्ता लक्षात आलं होतं. ते त्या दोघांसमोर उभे राहिले आणि त्यांचे हात असे काही सुटले की काय सांगू. शिंपी उठला. लोणच्यावाल्या दोघी बहिणी मध्ये पडल्या, त्यातली एक शिंप्याच्या बाजूची निघाली. अकराच्या अकराजण कचाकचा भांडायला लागले.

आणि आम्ही बावन्नजण नुसते बघत बसलो. काय म्हणतायत, कुणाचं बरोबर, कुणाचं चुकलं, काही म्हणजे काही कळेना. हर्डीकर माझ्यामागून येऊन अगदी काकुळतीला येऊन म्हणाले, "बाई, ते काय बोलतायत तेही लिहा की."

मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला हसू आवरेना. लीलाताई हसल्या, काका हसले. भांडणारे थांबले आणि आमच्याकडे बघू लागले. बेंडखळ्यांनी भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं, काय झालं म्हणून. मी काही नाही, असंच, म्हटलं नाही. पेन घेतलं आणि हर्डीकर काय म्हणाले ते लिहिलं. मग ते अकराजण जे हसले त्याला आवाज होता, चांगला मोठा. मी तो त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता.

चहाच्या वेळी बेंडखळे कप घेऊन माझ्याजवळ आले. खिशात नेहमी असायची ती छोटी वही त्यांनी काढली आणि बराच वेळ लिहीत राहिले. मग वही माझ्या हातात दिली. त्या पानाची मी नक्कल करून घेतली होती, म्हणून शब्द तेच सांगते.

'बाई, तुमची इतिवृत्ते मी चौदा वर्षे जुळवतो आहे. सर्वानुमते मंजूर हे शब्द मला न बघता जुळवता येतात. मला वाटायचे, ऐकू येणाऱ्या माणसांत भांडण होतच नसेल. एकमेकांचे नीट ऐकू येते म्हणून सगळ्यांचे एकमत होत असेल. आमच्या टेबलावर रोज भांडण होते. मला त्याची लाज वाटायची. वाटायचे, कान नाहीत म्हणून आम्ही असे आहोत.'

मी वाचलं आणि तिथेच ते उतरवून घ्यायला बसले. चहाचा कप तसाच गार झाला. बेंडखळ्यांनी माझ्या खांद्यावर थोपटल्यासारखं केलं आणि ते पुन्हा शिंप्याशी भांडायला गेले.

संगणक वर्ग सकाळी सुरू झाले. शिंप्यासाठी काकांनी रविवारचा एक वर्ग वेगळा काढला. टेबल जागच्या जागी राहिलं. पुढे दर सभेला प्रोजेक्टर यायला लागला आणि काका हयात असेपर्यंत आदल्या रात्री कॉलेजात जाऊन तो लागतो की नाही हे स्वतः बघून यायचे. बोलायचे मात्र तसेच भरभर. मी वैतागून काचेवर 'काका, सावकाश' असं लिहायची आणि पुढच्या दोन रांगा टाळ्या वाजवायच्या. बेंडखळे आज नाहीत, काका नाहीत, छापखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. मी पंचाहत्तरीला आले. डाव्या कानाने मला आता काही ऐकू येत नाही, उजव्याला यंत्र आहे. मागच्या दिवाळीत पुण्याला एका कार्यक्रमाला भाचीने नेलं होतं. तिथे पडद्यावर अक्षरं आपोआप येत होती. वक्ता काहीतरी बोलला, सगळं नाट्यगृह हसलं आणि पडद्यावर तेवढ्याच जागी काही आलं नाही. मी भाचीला विचारलं, काय झालं गं? ती डोळे पुसत म्हणाली, काही नाही मावशी, असंच.

तेव्हा बेंडखळ्यांची फार आठवण आली. घरी येऊन ट्रंक उघडली आणि त्यांचं पत्र, ती नक्कल आणि एक प्रूफ बाहेर काढलं.

त्या प्रुफाचं सांगायचं राहिलंच. त्या वर्षीचं इतिवृत्त मी सोमवारी लिहिलं. पहिल्या वर्षीची ती पाच पानं सोडली, तर सभा होऊन गेल्यावर लिहिलेलं माझं पहिलंच. नऊ पानं झाली. काकांचं वाक्य त्यात होतं, हशा होता, हर्डीकरांनी न परत केलेलं पुस्तक होतं, सत्तावीस आणि चौतीस होते. शेवटची नेहमीची ओळ मात्र मी लिहिली नाही. एवढी वादावादी होऊन खेळीमेळीचं वातावरण कुठल्या तोंडाने म्हणायचं? काकांनी सगळं वाचलं, प्रत्येक पानावर सही केली आणि छापखान्यात पाठवलं. चार दिवसांनी प्रूफ आलं. मी हस्तलिखित शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली. बेंडखळ्यांची चूक कधी सापडायची नाही, त्या दिवशीही सापडली नाही. पण शेवटच्या पानावर, मजकूर संपल्यावर, माझ्या हस्तलिखितात नसलेली एक ओळ त्यांनी स्वतःहून जुळवली होती: सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.

मी ती तशीच छापायला जाऊ दिली.